आधी पाण्याची वाट, मग दगड : बेळगाव पश्चिम भागातल्या एका खडीच्या खाणीच्या पूर्वतयारीच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

भाताची सुगी उरकली, पाणंदी सुकल्या, म्हणून आज आखणीला हात घातला. जागा बेळगावच्या पश्चिमेला, उचगावच्या पुढे. चंदगड तालुक्याची हद्द इथून फार लांब नाही. मालकीचा माळ, उताऱ्यावर ३ एकर २० गुंठे. वर कुसळी गवत आणि करवंदीच्या जाळ्या, कडेला दोन जांभळी, एक जुना आंबा. उतार पूर्वेला. खाली ओढा, ओढा मार्कंडेय नदीला मिळतो आणि मार्कंडेय गोकाककडे जाऊन घटप्रभेला. इथली माती सुटली तर ती कुणाकुणाच्या पाण्यात जाणार, हे ओढ्याच्या काठावर उभं राहिलं की समजतं.

हद्दीचे खांब जीपीएसच्या आकड्यांप्रमाणे रोवले. हद्दीपासून आत ७.५ मीटरचा पट्टा खाणकामाला बंद, हा नियम. जागा साधारण १२० बाय ११८ मीटरची आहे. चारी बाजूंनी पट्टा सोडला की खणायला १०५ बाय १०३ उरते. म्हणजे जवळजवळ ३३ गुंठे जमीन पट्ट्यात गेली. खाणमालकांना हा आकडा जड वाटला, ते साहजिक आहे. त्यांना जागेवर नेऊन दाखवलं की पाण्याचा चर, झाडांच्या दोन रांगा आणि कुंपण याच पट्ट्यात बसणार आहे. पट्टा नसता तर हे सगळं खाणीच्या जागेतूनच काढावं लागलं असतं.

चाचणीचा खड्डा घेतला. वर एक वीत तांबडी माती, खाली दीड मीटर मुरूम, मग पहारीला फुटणारा मांजऱ्या म्हणजे अर्धवट कुजलेला दगड, आणि तीन मीटरच्या आसपास काळा पाषाण. बेळगावच्या आसपास दख्खनच्या बेसाल्टची दक्षिणेकडची कड येते. पूर्वेला गोकाककडे गेलं की कलादगी गटाचा क्वार्टझाइट, म्हणजे गारेचा कठीण दगड, लागतो. आपला दगड बेसाल्ट आहे ही गोष्ट धुळीच्या हिशेबात पुढे उपयोगी पडेल.

२७ नोव्हेंबर

देवळाच्या सभामंडपात गावाची बैठक झाली. ग्रामपंचायतीचे पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, आले होते. कागद सगळे कानडीत, म्हणून एकेक अट मराठीतून वाचून सांगितली. २७ फेब्रुवारी २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पाच हेक्टरांखालच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागते, हे बऱ्याच जणांना आज पहिल्यांदा कळलं. मंजुरीच्या अटींचा कागद गावाला मागता येतो, हे त्याहून महत्त्वाचं.

पहिला प्रश्न घरांच्या भेगांचा होता, तो येणारच होता. दुसरा विहिरींचा. तिसरा एका म्हाताऱ्या काकींनी विचारला आणि माझ्या वहीत आज तोच सगळ्यात वर आहे. त्या म्हणाल्या, "ओढ्याचं पाणी तांबडं झालं की म्हशी तोंड लावत न्हाईत. मळी बी भरत्यात चिखलानं. खरं तुमच्या कागदात म्हशीचं कुठं लिवलंय?"

मळी म्हणजे ओढ्याकाठची शेतं. कागदात त्यांचं नव्हतं आणि म्हशींचंही नव्हतं. आजच्या इतिवृत्तात घातलं: ओढ्यावर जनावरांच्या पाणवठ्याच्या वर खाणीतलं पाणी गढूळ सोडायचं नाही. अट छोटी दिसते. पण तिच्यामुळे कामाचा क्रमच ठरून गेला. या जागेवर सगळ्यात लवकर सुटणारी आणि सगळ्यात लांब जाणारी वस्तू म्हणजे वरची तांबडी माती. दगड कुठे पळून जात नाही. तेव्हा आधी पाणी वळवायचं, मग माती उचलायची, मग रस्ता, मग झाडं, आणि सुरुंग सगळ्यात शेवटी. मालकांना पहिला सुरुंग संक्रांतीनंतर लगेच हवा होता. तो आता पुढच्या पावसाळ्यानंतरच, असं आज स्पष्ट बोललो. त्यांनी मान्य केलं. मनापासून केलं असावं, कारण खर्चाचा कागद त्यांनी स्वतः मागून घेतला.

९ डिसेंबर

खाणीपासून ५०० मीटरच्या आतली घरं आणि विहिरी पाहून झाल्या. प्रत्येक घरात आज जी भेग आहे तिचा फोटो, शेजारी मोजपट्टी धरून. मोठ्या भेगांवर प्लास्टर ऑफ पॅरिसची आडवी चकती बसवली आणि ओली असतानाच खिळ्यानं तिच्यावर तारीख कोरली. भिंत हलली तर चकती तडकते, ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. एका घरात पोरगी शाळेची पट्टी घेऊन आली आणि भेगेची रुंदी तिनं स्वतः मोजून वहीत लिहून घेतली. तो आकडा आमच्याही नोंदीत जसाच्या तसा घातला आहे. गावाकडे स्वतःची नोंद असली की पुढचं बोलणं सरळ होतं.

विहिरींत पाण्याची पातळी टेपनं मोजली. बेसाल्टमध्ये पाणी असतं ते वरच्या कुजलेल्या थरात आणि दगडाच्या सांध्यांत. खालचा घट्ट पाषाण कोरडा. म्हणून खाणीचा तळ किती खोल जाईल ते शेजारच्या विहिरीच्या पाण्यावरून ठरवायला हवं. आराखड्यात तळाची शेवटची पातळी पावसाळ्यानंतरच्या सगळ्यात उंच पाण्याच्या वर ठेवायला सांगितली. दगड थोडा कमी निघेल. पण पाण्याचा सांधा एकदा फुटून झरा खाणीत आला की पंप लावून उपसा करत बसावं लागतं, आणि तो उपसा वरच्या विहिरीतूनच होत असतो.

३ जानेवारी २०२५

पाणी वळवणारा वरचा चर पुरा झाला. डोंगराच्या अंगाचं स्वच्छ पाणी आता खाणीच्या जागेत न शिरता बाजूनं ओढ्याला जाईल. स्वच्छ पाणी आणि खाणीतलं पाणी एकमेकांत मिसळू दिलं तर सगळंच गढूळ होतं आणि गाळाची टाकी चौपट लागते.

आज मातीला हात लावला. पूर्ण जागा एकदम सोलायची नाही, फक्त पहिल्या टप्प्यापुरता तिसरा हिस्सा, साधारण ३,६०० चौरस मीटर. वीतभर मातीचे सव्वासातशे घनमीटर होतात. ढीग दीड मीटरपेक्षा उंच करायचा नाही, कारण उंच ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही आणि माती मरते. पुढे खाण बुजवताना अशा मातीत गवतसुद्धा धरत नाही. बाजू एकास दोन उताराच्या. जागा सहा-सात गुंठे लागली. ती वायव्येच्या कोपऱ्यात, जिथे खणायचंच नाही तिथे काढली.

जेसीबीच्या चालकाला सवय ढीग दाबून टाकायची. त्याला थांबवून सांगितलं की भाऊ, ही माती परत वापरायची आहे, हिच्यावर चाक नको. मग त्यानंच युक्ती काढली: मागे सरकत सरकत बकेट हलकी उलटी करायची, ढिगावर चढायचंच नाही. काम सुरेख झालं. मुरूम वेगळ्या ढिगात. माती आणि मुरूम एकत्र झाले की दोन्हींची किंमत जाते.

ढिगावर कुसळीचं कापलेलं गवत जाड पसरलं. आता काही पेरून उपयोग नाही, ओल नाही. ताग आणि स्टायलो (चाऱ्याचं शेंगवर्गी पीक) मृगाला.

आंबा आणि दोन्ही जांभळी तशाच. झाड तोडायला १९७६ च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, पण मुळात तोडायची वेळ येऊ नये म्हणून रस्त्याची आखणी आठ मीटर सरकवली.

८ फेब्रुवारी

गाळाच्या टाकीचं काम चालू. हिचा हिशेब इथे सविस्तर लिहून ठेवतो, कारण खाणीच्या कागदांत ही टाकी नुसती एक चौकोन म्हणून काढलेली असते आणि ती किती मोठी हवी हे कुणी विचारत नाही.

पुढे सगळा तुकडा, म्हणजे साधारण एक हेक्टर, उघडा पडेल त्या दिवसाचा विचार करायचा. आपल्याकडे जोराची सर तासाला ५० मिलिमीटर सहज देते. एक हेक्टरवर तेवढा पाऊस म्हणजे ५०० घनमीटर, पाच लाख लिटर. त्यातलं काही मुरतं, काही खळग्यांत राहतं. साठ टक्के वाहिलं धरलं तरी तासाला ३०० घनमीटर. टाकी २० बाय ८ मीटर, दोन मीटर खोल, म्हणजे ३२० घनमीटर. पाणी तासभर थांबेल.

तासाभरात काय खाली बसतं? मुरमाचा बारीक रेव्याचा कण, मिलिमीटरचा विसावा भाग, एक मीटर पाण्यातून सात-आठ मिनिटांत तळाला जातो. तो नक्की अडकेल. पण तांबड्या चिकणमातीचा कण त्याच्याही पंचविसावा. त्याला तोच एक मीटर उतरायला तीन दिवस लागतात. कण निम्मा झाला की बसायचा वेळ चौपट होतो, असं हे गणित आहे. म्हणजे काकींच्या म्हशी ज्या तांबड्या पाण्याला तोंड लावत नाहीत, ते पाणी कुठल्याही परवडणाऱ्या टाकीतून पार होणार. टाकी रेवा अडवते. चिकणमाती मुळात जागेवरून सुटूच नये, एवढाच तिच्यावर उपाय. ढिगावरचं गवत, एक तृतीयांश जागाच सोलणं, चरात थोड्या थोड्या अंतरावर दगडांचे छोटे बांध, ही सगळी त्यासाठीची कामं आहेत.

टाकीला तीन खण केले. शेवटच्या खणाला लाकडी फळ्यांचं दार आहे. पाऊस थांबला की दार बंद करून पाणी दोन-तीन दिवस धरून ठेवता येईल.

५ मार्च

धूळ. मालकांच्या पहिल्या नकाशात क्रशर, म्हणजे दगड फोडून खडी करणारं यंत्र, पूर्वेला, रस्त्यालगत होता. थंडीत इथे सकाळी पूर्वेचं वारं असतं, तोवर ठीक. पण मार्चपासून दुपारी घाटावरून पश्चिमेचं वारं सुटतं आणि गाव पूर्वेलाच आहे. ऐन उन्हाळ्यात सगळी धूळ गावावर गेली असती. क्रशर पश्चिमेच्या सखल भागात नेला आणि मधलं टेकाड न खणता ठेवायचं ठरलं. त्या टेकाडातला दगड चांगला आहे. तरीही ठेवायचं.

क्रशरच्या धुळीची मर्यादा ४० मीटरवर ६०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. खडी वाहणारे पट्टे झाकलेले, दगड पडतो त्या तोंडाशी पाण्याचे फवारे, भोवती वाऱ्याची भिंत, आवारातला रस्ता खडी दाबून पक्का. क्रशरचा परवाना वेगळा, २०११ च्या कर्नाटक स्टोन क्रशर कायद्याखाली. तो हातात आल्याशिवाय पाया खणायचा नाही.

बेसाल्टमध्ये मोकळी सिलिका फार थोडी, क्वार्टझाइटमध्ये ती भरपूर. क्वार्टझाइट फोडणाऱ्यांना सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो आणि ते दुखणं बरं होत नाही. आपला दगड त्या मानानं बरा, म्हणून कोरडं ड्रिलिंग चालेल असं कुणी म्हणू नये. फुफ्फुसाला बारीक धूळ ती धूळच. ड्रिलवर पाणी चालू असल्याशिवाय भोक पाडायचं नाही, असं ठेकेदाराच्या करारातच लिहून घेतलं. काम करणाऱ्यांसाठी पिण्याचं पाणी, सावली आणि संडास आजपासून सुरू.

टिपर गावातल्या गल्लीतून जाणार नाहीत. गुरांची जुनी वाट जागेच्या कडेनं वळवून रुंद करून दिली. डिझेल आणि तेलासाठी काँक्रीटचा ओटा, त्याच्या कडेला तेल अडवणारा खड्डा. ओट्याबाहेर एकही यंत्र दुरुस्त करायचं नाही.

२४ मार्च

रस्त्याच्या कडेला रोलर आणायचा होता. सकाळी आखणीच्या दोरीशी टिटवी जीव तोडून ओरडत होती, पंख पाडून लंगडल्यासारखं करत आम्हाला लांब नेऊ बघत होती. खाली वाकून शोधलं तरी आधी दिसेना. मग दिसली: मुरमाच्या उथळ खळग्यात चार अंडी, टोकं आत वळवून ठेवलेली, मातकट रंगावर काळे-तपकिरी ठिपके. शेजारचा मुरूम तसाच दिसतो. दोन पावलं पुढे गेलो असतो तर पायाखाली आली असती. भोवती पंधरा मीटरवर चुन्याची रेघ मारली आणि रोलरचं काम दुसऱ्या टोकाकडून सुरू केलं. पिल्लं बाहेर यायला चार आठवडे लागतात आणि निघाल्या दिवशीच ती चालू लागतात. तेवढं थांबता येतं. अंडी उंचावर दिसली की पाऊस चांगला, असं कामावरची मंडळी म्हणाली. ही तशी उंचावरच आहेत.

२ एप्रिल

पाडव्याची सुट्टी संपून माणसं परतली. सुरुंगाचं काम करणारे परवानाधारक भाऊ आज येऊन जागा बघून गेले. सुरुंग विजेनं उडवणाऱ्या इलेक्ट्रिक डेटोनेटरवर कालपासून, १ एप्रिल २०२५ पासून, देशभर बंदी आली. आपण तसेही नॉनेलच, म्हणजे विजेऐवजी नळीतून पेटणारे, ठरवले होते. त्यात भोकं एकामागून एक मिलिसेकंदांच्या अंतरानं उडतात. जमिनीचा हादरा एकूण दारूवर कमी आणि एका क्षणाला उडणाऱ्या दारूवर जास्त अवलंबून असतो, म्हणून हे अंतर महत्त्वाचं.

खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकाप्रमाणे गावातल्या साध्या घरांसाठी मर्यादा अशी: हादऱ्याची वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ मध्ये १०, त्यावर १५. संथ हादरा जास्त घातक, कारण घर स्वतः त्याच तालावर हलू लागतं. इथली बरीच घरं कच्च्या विटांची आहेत. आम्ही सगळ्या वारंवारतांना ५ हीच मर्यादा धरणार. भाऊ म्हणाले, भोकं लहान घेऊ, वेळ जास्त लागेल. लागू दे.

१४ मे

झाडांचे खड्डे तयार, दोन रांगांत. करंज, जांभूळ, कडुनिंब, मधे बांबू, बाहेरच्या अंगाला करवंद. रोपं विकणाऱ्यानं ऑस्ट्रेलियन बाभूळ सुचवली, लवकर वाढते म्हणून. तिच्याखाली इथलं फारसं काही उगवत नाही. नको.

चर साफ. टाकी साफ. वळवाचे दोन पाऊस झाले, ढिगाला काही झालं नाही.

२६ मे

मान्सून केरळात २४ मेला पोचला, नेहमीच्या १ जूनच्या आठवडाभर आधी, आणि आपल्याकडे तर त्याच्याही आधीपासून झड लागली आहे. पेरण्यांच्या मशागती अडकल्या, गावात लोक हवालदिल. आम्हाला ताग पेरायलाही सवड मिळाली नाही.

पहाटे पावसात जागेवर गेलो. वरच्या चरातून डोंगराचं पाणी नितळ जात होतं. खाणीच्या अंगाचा चर भरून तांबडा. पहिल्या खणात रेवा झपाट्यानं बसत होता. काचेच्या तीन बाटल्या भरल्या, एकेका खणातून. पहिलीच्या तळाला दहा मिनिटांत बोटभर थर. तिसरीत थर जवळजवळ नाहीच, पण पाणी फिक्या चहासारखं, आणि संध्याकाळपर्यंत तसंच. फेब्रुवारीच्या हिशेबात जे आलं होतं तेच बाटलीत दिसलं.

ताबडतोब दोन कामं केली. गावातून भाताच्या पिंजराचे भारे विकत घेऊन चरात दर वीस पावलांवर आडवे बांधले, वर दगड ठेवले. ढिगाच्या उताराला, जिथे वाऱ्यानं गवत उडालं होतं, तिथे पोती फाडून अंथरली आणि खुंट्या ठोकल्या. दुपारी उघडीप मिळताच तिसऱ्या खणाचं दार बंद केलं.

२९ मे

तिसऱ्या खणातलं पाणी बसलं. कोपरापर्यंत हात बुडवला तरी बोटं दिसतात. दार वरच्या फळीपासून एकेक उघडत गेलो, म्हणजे तळचा गाळ हलत नाही. ओढ्यावर पाणवठ्याशी जाऊन पाहिलं. म्हशी पाण्यात होत्या. काकी नव्हत्या, त्यांच्या नातवाला बाटली दाखवली.

११ जून

ताग आणि स्टायलो पेरले, रोपं लावली. चराच्या काठानं वाळ्याची रांग. त्याची मुळं खोल जातात, काठ धरून ठेवतात.

२० ऑगस्ट

ताग कमरेएवढा. ढिगावरून आता गढूळ पाणी निघत नाही. पहिल्या खणातला गाळ काढून परत मातीच्या ढिगावरच टाकला. मेलेली रोपं बदलली; बांबू सगळे जगले, कडुनिंबाला इथला पाऊस मानवला नाही, त्या जागी करंज.

विहिरींची पातळी मोजली. खाणीच्या तळाची आराखड्यातली पातळी या उंच पाण्याशी ताडून पाहिली. एका कोपऱ्यात अंतर कमी भरतं. तो कोपरा एक पायरी वर थांबवायचा, दुरुस्ती आराखड्यात पाठवली.

१३ ऑक्टोबर

दसरा झाला, जमीन वाळली. आज पहिला सुरुंग. गावात काल दवंडी, आज ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून दोनदा सूचना, चारी वाटांवर लाल निशाण घेऊन माणसं, तीनदा सायरन. वेळ दुपारी दीड. मोजयंत्र सगळ्यात जवळच्या कच्च्या विटांच्या घराच्या पायथ्याशी ठेवलं होतं. आकडा आला सेकंदाला १.९ मिलिमीटर.

नंतर घरोघरी जाऊन चकत्या पाहिल्या. त्या पोरीनं आपली वही आणली, भेग पुन्हा मोजली, आकडा तोच. एका घरातली चकती मात्र तडकलेली निघाली. घरमालकांनीच सांगितलं की श्रावणात भिंत ओल धरून फुगली तेव्हाची ती आहे. तरीही नोंद केली, तारखेसह फोटो घेतला, आणि नवी चकती शेजारी बसवली. त्या भिंतीची ओल कुठून येते ते गवंड्याला दाखवून पुढच्या आठवड्यात कळवायचं आहे.

हादऱ्याचा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत आणि कानडीत लावला. दर सुरुंगानंतर त्याच दिवशी लागेल. पुढचा सुरुंग दिवाळीनंतर, आणि त्याआधी पहिल्या पायरीच्या कडेचे सुटे दगड पहारीनं उतरवून घ्यायचे.